दुसरं मशीन

सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीचा काहीच दोष नव्हता. हातातल्या कागदावर होतं ते तिनं वाचलं. ‘महाल-इतवारीत फ्लेक्स प्रिंटिंग आणणाऱ्या पहिल्या उद्योजिका,’ असं म्हणून तिनं माझं नाव घेतलं आणि मी उठले. पदर सारखा केला, स्टेजच्या डुगडुगत्या पायऱ्या चढले. शाल, श्रीफळ, ॲक्रिलिकचं सन्मानचिन्ह. त्या चिन्हावर लेझरनं कोरलेल्या ‘मुद्रण’मधला द्र फुटून द् आणि र वेगवेगळे पडले होते, हे हातात घेताघेताच दिसलं. ही खोड मेल्याशिवाय जायची नाही. फोटोसाठी हसून समोर पाहिलं, तर तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर काकाजी. टाळ्या वाजवत होते. अशा कार्यक्रमांत लोक तीन-चार टाळ्या वाजवतात आणि मोबाइलकडे वळतात. काकाजी मी खाली उतरून जागेवर बसेपर्यंत वाजवत राहिले.

आमच्या नागपूरच्या महालात फ्लेक्सचं पहिलं मशीन काकाजींनी आणलं होतं. माझं दुसरं.

माईक माझ्यापासून दोन हातांवर होता. ‘एक छोटी दुरुस्ती आहे’ एवढंच म्हणायचं होतं. गेली तीसेक वर्षं मी लोकांच्या लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, स्मरणिका तपासते आहे, चि. आणि चि. सौ. कां. यांची अदलाबदल मी कितीतरी वधूवरांच्या नशिबातून टाळली असेल. आणि स्वतःच्या नावापुढची चूक तेवढी पाहून न पाहिल्यासारखी केली. घरी येताना बडकस चौकातल्या गर्दीत ॲक्टिव्हा अडकली, तेव्हा मी मनातल्या मनात व्याकरण सोडवत होते. ती ‘पहिल्या उद्योजिका’ म्हणाली. उद्योजिका म्हणजे स्त्रीलिंग. काकाजी उद्योजक. बाई म्हणून मीच पहिली. म्हणजे वाक्य तसं चूक नाहीच की! पुढची गाडी हलेपर्यंत मला हे अगदी पटलं होतं. घरी येऊन शाल घडी करायला घेतली तेव्हा पटेनासं झालं.

आमचा छापखाना मूळचा बाबांचा. खिळ्यांचा, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं जुळवून छापायचा. मी शाळेतून आले की दप्तर रिमांच्या थप्पीवर टाकून मास्तरांशेजारी उभी राहायची. मास्तर म्हणजे आमचे कंपोझिटर, अक्षरं जुळवणारे. डोळे हस्तलिखितावर आणि हात आपोआप खिळ्यांच्या पेटीतल्या खणांतून फिरायचा; कुठल्या खणात कोणता खिळा हे त्यांच्या बोटांना माहीत होतं, त्यांना नव्हतं. मी एकदा विचारलं, ‘मास्तर, क्ष कुठे असतो?’ तर त्यांना सांगता येईना. हात उचलून त्यांनी क्ष काढला आणि मग म्हणाले, ‘हा पाह्य, इथं.’ जुळणीच्या पट्टीत, स्टिकमध्ये, अक्षरं उलटी बसायची आणि मास्तर ती सुलट्यासारखी वाचायचे. ट्रेडल छपाईयंत्राचा तो आवाज, खट-धप्प, खट-धप्प, आमच्या घरात घड्याळासारखा होता. दुपारी तो थांबला की आई पानं घ्यायची.

बाबांना धंद्याविषयी फार बोलायची सवय नव्हती. एकच म्हण होती आणि ती सगळ्याला पुरायची. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. नवं मशीन दाखवायला एजंट आला की त्याला चहा पाजायचे, कॅटलॉग मन लावून पाहायचे, चकचकीत कागदावर बोट फिरवून ‘छपाई छान आहे’ म्हणायचे, आणि तो गेल्यावर म्हण. मला ती तेव्हा फार हुशारीची वाटायची. पुष्कळ वर्षांनी लक्षात आलं की त्या म्हणीत मागच्याचं काय झालं ते सांगितलंय, पुढच्याच्या अंगठ्याचं काय झालं त्याबद्दल तिला काही म्हणायचं नाही.

तरी बाबांचं धोरण नेहमी फळलं असंही नाही. आमच्या गल्लीत मिनी ऑफसेट आलं तेव्हा बाबा थांबले. डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवरची जुळणी आली तेव्हाही थांबले. पहिल्यांदा थांबले ते बरं झालं, कारण पहिल्यांदा घेणाऱ्याला प्लेट कुठे करायची, ब्लँकेट कुठून आणायचं, मेकॅनिक कोण, सगळंच शोधावं लागलं. दुसऱ्यांदा थांबले ते मात्र अंगाशी आलं. शेजारी पोरगं कॉम्प्युटरवर दहा मिनिटांत पत्रिका लावून देत होतं, गणपतीचं चित्र पाहिजे तेवढं लहानमोठं करत होतं, आणि आमचे मास्तर भिंतीला पाठ टेकवून चुना मळत बसले होते. मागचा शहाणा व्हायला मागे किती राहायचं याला मोजमाप नसतं. दोन पावलं की दोन वर्षं? अखेर खिळे विकले. अक्षर म्हणून नाही, किलोवर. शिसं, अँटिमनी आणि कथील, भंगारवाल्याच्या काट्यावर. मास्तर त्या दिवशी आले नाहीत. मी एक ‘ळ’ खिशात टाकला होता. तो अजून माझ्या गल्ल्यात सुट्या पैशांत फिरतो आणि एखादं गिऱ्हाईक ‘हे कोणतं नाणं?’ म्हणून विचारतं.

काकाजी बाबांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान आणि वृत्तीनं बरोबर उलटे. आमच्यापासून चार दुकानं सोडून त्यांचं स्क्रीन प्रिंटिंग होतं. कॅटलॉग पाहताना बाबा कागद पाहायचे, काकाजी मशीन पाहायचे. २००३ साली त्यांनी दहा फुटी मशीन घेतलं. ते आलं तो दिवस मला नीट आठवतो. दुकानाची पुढची भिंत पाडावी लागली. गल्लीत टेम्पो वळेना, म्हणून चौकापासून सळयांवर सरकवत आणलं. पूजा झाली, नारळ फुटला, पेढे वाटले. मग इंजिनिअरनं बटण दाबलं, आणि आम्ही सगळे धंदेवाले, ज्यांना चार रंगांचं काम म्हणजे चार वेळा कागद घालणं एवढंच ठाऊक, तोंड उघडं ठेवून पाहत राहिलो. शाई सोडणारं कॅरेज इकडून तिकडे धावतंय आणि पांढऱ्या कापडावर, ज्याला आम्ही तेव्हा कापडच म्हणत होतो, माणसाचं कपाळ उमटतंय, मग भुवया, मग डोळे. कुणा नगरसेवकाचा वाढदिवस होता. नाक यायला बराच वेळ लागला. नेलपॉलिश आणि रॉकेल एकत्र ओतल्यासारखा वास गल्लीभर. बाबा माझ्या शेजारी उभे होते. परत येताना म्हणाले, ‘मशीन मोठं आहे.’ पुढे म्हण आली नाही, पण मला ती ऐकू आली.

त्यानंतरची तीन वर्षं मी काकाजींच्या दुकानाकडे जेवढं लक्ष देऊन पाहिलं तेवढं माझ्या दुकानाकडेही पाहिलं नसेल. हे आज लिहायला सोपं आहे. तेव्हा मी त्याला शेजारधर्म म्हणत होते. जाता-येता ‘काय काकाजी, कसं चाललंय?’ आणि ते बिचारे सगळं सांगायचे. गिऱ्हाइकाला आधी समजावावं लागतं. पेंटर कापडावर रंगवून देतो तेव्हा हे एवढं महाग कशाला? मग नमुना दाखवायचा, पाणी ओतून दाखवायचं, नखानं खरवडून दाखवायचं. कोणता फोटो चालतो, कोणता फुटतो, हे लोकांना शिकवायचं. पासपोर्ट फोटो आणून ‘याचा वीस फुटी करा’ म्हणणारे यायचे. फुटाला चाळीसच्या वर भाव होता, पण एवढं सगळं बोलून काम मिळायचं ते तीन बाय दोनचं.

आणि वीज. भारनियमनाची ती वर्षं ज्यांनी विदर्भात काढली त्यांना वेगळं सांगायला नको. फ्लेक्सच्या मशीनचं दुखणं असं, की ते चालू असताना बिघडत नाही, थांबल्यावर बिघडतं. शाई सोडणाऱ्या हेडला केसाहून बारीक भोकं असतात. काम अर्ध्यात असताना वीज गेली की कॅरेज आहे तिथे उभं, हेड उघडं, आणि आमच्या मे महिन्याच्या हवेत शाई भोकातच वाळते. वीज आली की छपाईत पट्टे. मग सिरिंजनं सॉल्व्हंट सोडून हेड धुवायचं, टेस्ट काढायची, परत धुवायचं. सुटलं तर सुटलं, नाहीतर हेड बदलायचं. ते परदेशातून येणार, बसवायला इंजिनिअर मुंबईहून येणार, त्याचं तिकीट आणि लॉज काकाजींच्या अंगावर. त्यांनी जनरेटर घेतला. मग मोठा यूपीएस. मग खोलीला एसी. मानेवाड्याकडचा प्लॉट यातच गेला. ठेच कशी लागते हे मी अगदी जवळून, रोजच्या रोज, फुकट पाहत होते.

२००६ मध्ये मी मशीन घेतलं. तोवर त्याची किंमत जवळपास अर्ध्यावर आली होती. यूपीएस, एसी, जनरेटर हे सगळं पहिल्या दिवसापासून बसवून घेतलं, कारण काय लागतं याची यादी मला पाठ होती. गिऱ्हाइकाला समजावून सांगायची गरज नव्हती; दीक्षाभूमीच्या गर्दीपासून मारबतीच्या मिरवणुकीपर्यंत शहर फ्लेक्सनं भरायला लागलं होतं, आणि डिसेंबरात अधिवेशन आलं की मुंबईहून येणाऱ्या साहेबांच्या स्वागताला रात्र-रात्र मशीन चालायचं. मी काकाजींपेक्षा फुटाला पाच रुपये कमी लावले. मला परवडत होतं. त्यांच्यावर जुन्या भावानं घेतलेलं कर्ज होतं.

आणि ऑपरेटर. तो त्यांच्याकडे शिकला होता. हेड धुणं, रंगाचं प्रोफाइल लावणं, फ्लेक्सला सुरकुती पडू न देता गुंडाळणं, काकाजींच्या तीन वर्षांच्या नुकसानीतून तो मुलगा तयार झाला होता. तो माझ्याकडे आपणहून आला, असं मी सगळ्यांना सांगते. आला तो आपणहूनच. फक्त त्याच्या आधी आठ दिवस मी शाईवाल्याजवळ बोलले होते की मला चांगला माणूस पाहिजे, दीड हजार जास्त देईन. शाईवाला आमच्याकडे सोमवारी यायचा, काकाजींकडे मंगळवारी.

यात बेकायदेशीर काही नाही. धंदा असाच चालतो.

पुण्याला एमबीए करणाऱ्या भाच्याला मी सत्काराची गोष्ट फोनवर सांगितली, अर्थात शाईवाल्याचा भाग वगळून. तो म्हणाला, ‘मावशी, तू उगाच अपराधी वाटून घेतेस, यावर संशोधन झालेलं आहे.’ आणि त्यानं गोल्डर आणि टेलिस अशा दोघांचा १९९३ सालचा एक शोधनिबंध पाठवून दिला. मी तो दुपारी मशीन चालू असताना वाचला. त्यांनी पन्नास प्रकारच्या वस्तूंच्या बाजारात मागे जाऊन पाहिलं की मुळात ती वस्तू पहिल्यांदा कोणी आणली आणि त्याचं पुढे काय झालं. पहिल्यांदा आणणाऱ्यांपैकी ४७ टक्के बुडाले. जे पुढे बाजाराचे धनी झाले ते सरासरी तेरा वर्षांनी मागून आलेले. त्याहून मला लागलं ते दुसरंच. आधीच्या अभ्यासांत पहिल्यांना मोठा फायदा होतो असं का दिसत होतं, तर ते अभ्यास आज जिवंत असलेल्या कंपन्यांनाच विचारत होते. बुडालेला पहिला माहिती द्यायला शिल्लकच नव्हता. आणि जो शिल्लक होता तो सांगत होता, पहिला मीच.

म्हणजे माझ्यासारख्या बायका आणि पुरुष जगभर स्टेजवर जाऊन शाली घेत होते.

आपल्या गावातही हे आहेच. माझे आजोबा, आईचे वडील, एम्प्रेस मिलमध्ये कामाला होते. मिल गेली, तिथे मॉल झाला, पण आजोबांच्या बोलण्यात जमशेटजी टाटा घरातले असल्यासारखे यायचे. ‘सगळे मुंबईला गिरण्या काढत होते, हा एकटा नागपूरला आला,’ असं ते म्हणत. जुम्मा तलावाजवळच्या दलदलीत भराव घालून त्यांनी गिरणी उभी केली आणि १ जानेवारी १८७७ ला, राणी व्हिक्टोरिया सम्राज्ञी झाल्याची द्वाही फिरली त्या दिवशी, ती सुरू केली. इथल्या एका सावकारानं पैसे द्यायला नकार दिला होता: हा माणूस जमीन खणून तीत सोनं पुरतोय. पुढे त्यालाच म्हणावं लागलं की यानं माती घातली आणि सोनं काढलं. ही गोष्ट आजोबा इतक्या वेळा सांगत की आम्ही पोरं सावकाराचं वाक्य कोरसमध्ये म्हणायचो. इंग्लंडातले लँकेशायरवाले जुन्या म्यूल यंत्रांवरच सूत कातत असताना इथे रिंगच्या चात्या आणून पाहिल्या, हेही ते अभिमानानं सांगत. चात्या म्हणजे काय हे आम्हाला कळत नसे.

पण कापडाची गिरणी जमशेटजींनी पहिल्यांदा काढली नव्हती. मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी काढली, त्यालाही तोवर वीसेक वर्षं झाली होती. गिरणी चालवायला काय लागतं, ती कुठे अडते, कामगार कसा शिकतो, हे दावरांच्या आणि त्यांच्या मागच्या दहा-पंधरा जणांच्या पैशांनी कळून चुकलं होतं. जमशेटजींचा शहाणपणा असा, की गिरणी दुसऱ्याची पाहिली आणि जागा मात्र कुणाची पाहिली नाही. कापूस पिकतो तिथे जाऊन बसले. अर्धे मागे, अर्धे पुढे. आजोबांनी दावरांचं नाव कधी घेतलं नाही. त्यांना माहीत नसावं.

आमच्या धंद्यातही तेच. मराठी मुद्रणाचा इतिहास म्हटला की गणपत कृष्णाजींचं नाव पहिलं येतं, १८३१ मध्ये त्यांनी पहिलं मराठी पंचांग छापलं म्हणून. बाबांच्या टेबलामागे त्याविषयीचं एक पिवळं पडलेलं कात्रण असायचं. पण गणपत कृष्णाजी अमेरिकन मिशनचा छापखाना पाहून आले होते. पाहिलं, घरी येऊन शिळेवर छापायची खटपट केली, शाई स्वतः बनवली. मग पहिले कोण? मिशनवाले ख्रिस्ती पुस्तकं काढत होते, यांना वाटलं आपलं पंचांग यावर निघालं पाहिजे. नक्कल करायला गेले आणि वेगळंच करून बसले. मला हे फार आवडतं, आणि आवडतं म्हणून त्यावर जरा संशयही येतो. कारण मी काय वेगळं केलं? मी नगरसेवकाचा वाढदिवसच छापला, पाच रुपये कमी घेऊन.

मागे राहायची सवय माणसात किती खोल मुरते, हे मला गेल्या महिन्यात कळलं. १ जुलै २०२२ पासून शंभर मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी प्लास्टिकच्या बॅनरवर बंदी आली, तेव्हापासून आमच्या धंद्यात कापडावर छापण्याची चर्चा चालू आहे. खऱ्या कापडावर, या वेळी. एक एजंट मशीन दाखवायला आला होता. पंचविशीतला, इस्त्रीचा शर्ट. कॅटलॉग उघडला आणि म्हणाला, ‘मॅडम, महालात पहिलं तुमचंच लागेल.’ त्याला वाटलं मी खूश होईन. माझ्या पोटात एकदम खड्डा पडला. मी त्याला चहा मागवला. कॅटलॉगच्या कागदावर बोट फिरवलं. ‘इतवारीत कोणी घेतलंय का?’ मी विचारलं. तो नाही म्हणाला. ‘सदरला? धंतोलीला?’ नाही. ‘बरं,’ मी म्हणाले, ‘कोणी घेतलं की सांगा.’ तो गेल्यावर समोरच्या काचेत मला स्वतःचा चेहरा दिसला आणि अगदी बाबा दिसले. फक्त टोपी नव्हती.

काकाजींनी त्यांचं मशीन २००९ च्या आसपास विकलं. बऱ्याच लोकांना वाटलं आता ते आमच्याशी बोलणार नाहीत. तसं काही झालं नाही. दुकानाची पाडलेली भिंत त्यांनी परत बांधून घेतली. नव्या विटांचा चौकोन प्लास्टरमधूनही कळतो. आता तिथे ते बिलबुकांना नंबर मारतात, परफोरेशन करतात, थोडं बाइंडिंग. सकाळी दुकान उघडण्याआधी कोपऱ्यावरच्या टपरीवर तर्री पोहे खाताना दिसतात. तर्री वेगळ्या वाटीत घेतात आणि पोह्यांवर चमच्या-चमच्यानं सोडतात, मोजून. एवढ्या बेधडक माणसाची ही एक सवय मला कधी समजली नाही.

सत्कारानंतर दहाएक दिवसांनी ते दुकानात आले. नातीचं बारसं होतं, चार बाय तीनचा फ्लेक्स पाहिजे होता. पेन ड्राइव्ह आणला होता. मी उठून खुर्ची दिली. पण माझ्या आधी ऑपरेटर उठला होता.

‘या मालक,’ तो म्हणाला.

मला तो इतकी वर्षं ताई म्हणतो. पगार मी देते, त्याच्या मुलीच्या फीला मदत करते, तो मला मानतो यात शंका नाही. पण ताई. हे मी पहिल्यांदाच ऐकलं असंही नाही. आधी कधी कानात शिरलं नसेल.

काकाजी बसले नाहीत. मशीनपाशी जाऊन हात मागे बांधून उभे राहिले. फाइल लागली, कॅरेज धावायला लागलं. बाळाचं कपाळ आलं, टोपडं आलं, डोळे आले. काकाजी थोडे वाकडे झाले, ट्यूबलाइटचा उजेड तिरपा पडेल असे, आणि तळहात छपाईच्या वर बोटभर अंतरावर धरला, जणू ऊब पाहताहेत.

‘गाल हिरवट पडून राहिले न बे पोरीचे,’ ते ऑपरेटरला म्हणाले. ‘मॅजेंटाचं हेड पाह्य. दोन-तीन भोकं बंद असतील.’

मी तोच गाल पाहत होते. मला गुलाबी दिसत होता.

‘काकाजी,’ मी म्हणाले. हे वाक्य मी दहा दिवस तयार करत होते, बडकस चौकापासून. ‘त्या दिवशी कार्यक्रमात ते जे बोलले...’

‘हाव,’ काकाजी म्हणाले, नजर छपाईवरच. ‘द्र चुकला होता त्यांचा. ग्रुपवर फोटो आला न, मी मोठा करून पाह्यला. तुले दिसला होता का नाही?’

‘दिसला होता.’

‘मंग सांगायचं न तिथंच. चुकीचं काहून घेऊन आली?’

मला काही सुचेना. ते द्रविषयीच बोलत होते की काय, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. तो चेहरा पूर्वीपासून तसाच आहे, प्रूफ वाचत असल्यासारखा. मी म्हणाले, ‘राहूनच गेलं.’ ते म्हणाले, ‘होते असं.’ मग बारा फुटांचा हिशेब त्यांनी स्वतःच केला आणि पैसे काढले. मी नको म्हणाले. नातीचं बारसं आहे, माझ्याकडून. त्यांनी नोटा टेबलावर ठेवल्या, वर माझा तो ‘ळ’ वजन म्हणून ठेवला, आणि म्हणाले, ‘भाव आहे तो घे बाई. कमी लावला की मले जुनं आठवते.’ आणि हसले. खरंच हसले, दात दिसेपर्यंत.

फ्लेक्सची गुंडाळी काखेत मारून ते गेले. चार दुकानं चालत, नव्या विटांच्या चौकोनापर्यंत. मी वळले तर मशीन बंद होतं. पुढे अधिवेशनाचे दोन तातडीचे बोर्ड लागलेले होते, गिऱ्हाईक तासात येणार होतं, आणि ऑपरेटर झाकण उघडून, सिरिंज भरून मॅजेंटाचं हेड धुवायला बसला होता. मी त्याला सांगितलं नव्हतं.